सगळे डास मारायची गरज नाही: रोनाल्ड रॉस यांनी मांडलेलं मलेरियाचं गणित काय आहे?

डासामुळे मलेरिया होतो, हे आज शाळकरी मुलांनाही माहीत असतं. हा शोध लावणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचं नावही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हमखास सापडतं. सिकंदराबाद, १८९७, नोबेल पारितोषिक. परीक्षेपुरतं एवढं पुरतं.

पण रॉस यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी सांगत नाही. डास रोग पसरवतो हे कळल्यावर पुढचा प्रश्न साहजिक होता. मग डास कमी करून रोग थांबवता येईल का? त्या काळातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना वाटायचं, छे, कसं शक्य आहे? एक डबकं बुजवा, चार नवी तयार होतात. एक डास मारा, मागे हजार उभे असतात. सगळे डास संपणार नसतील, तर त्यावर पैसा कशाला घालवायचा?

रॉस यांचं म्हणणं होतं की सगळे डास संपवायची गरजच नाही. डासांची संख्या एका ठरावीक मर्यादेच्या खाली नेली, की थोडे डास शिल्लक राहूनही मलेरिया आपोआप विझत जातो. हे त्यांनी गणिताने मांडून दाखवलं. कोरोनाच्या काळात 'आर' नावाचा आकडा आपण रोज बातम्यांमध्ये ऐकत होतो. एक रुग्ण पुढे किती जणांना आजार देतो, हे सांगणारा आकडा. त्या विचाराची मुळं रॉस यांच्या या कामापर्यंत जातात.

हे गणित काय आहे, ते कुठे खरं ठरलं, कुठे कमी पडलं आणि आपल्या घराच्या पाण्याच्या टाकीशी त्याचा काय संबंध आहे, हे समजून घेऊया.

सुरुवात बंगळुरूच्या एका पिंपापासून

रॉस यांचा जन्म १८५७ सालचा, अल्मोड्याचा. वडील ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी लष्करात अधिकारी होते. रॉस लंडनमध्ये डॉक्टर झाले आणि १८८१ मध्ये 'इंडियन मेडिकल सर्व्हिस'मध्ये दाखल झाले.

काही काळ त्यांची नेमणूक बंगळुरूला होती. तिथल्या बंगल्यात डासांनी त्यांना हैराण केलं. आपल्याच खोलीत इतके डास का, याचा शोध घेताना त्यांना खिडकीबाहेर पाण्याचं एक पिंप दिसलं. आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यांनी पिंप उपडं केलं आणि खोलीतले डास कमी झाले.

रॉस यांनी आपल्या आठवणींमध्ये पुढचा किस्साही सांगितला आहे. मेसच्या आवारातल्या इतर भांड्यांमधलं पाणीही असंच काढून टाकू, असं त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला सुचवलं. त्या अधिकाऱ्याने नकार दिला. निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको, असं त्याचं म्हणणं पडलं.

तेव्हा डास आणि मलेरियाचं नातं कोणालाच माहीत नव्हतं. मलेरिया दलदलीतल्या दूषित हवेमुळे होतो, असा जुना समज होता. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थही 'वाईट हवा' असाच आहे.

एका डासाला एक आणा

१८८० मध्ये अल्जीरियात काम करणाऱ्या आल्फाँस लावेराँ या फ्रेंच डॉक्टरांना मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी दिसला. म्हणजे रोगाचं कारण सापडलं होतं. पण तो परजीवी एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा?

लंडनमधले डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांना डासावर संशय होता. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेलेल्या रॉस यांना त्यांनी हा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि आपली कल्पना सांगितली. मॅन्सन यांचा अंदाज निम्माच बरोबर होता. रक्त प्यायलेला डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने मलेरिया होतो, असं त्यांना वाटत होतं. पण डासाच्या पोटात डोकावून बघायची दिशा रॉस यांना मिळाली ती तिथेच.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादला आले. पुढची दोन वर्षं त्यांनी शेकडो डास फाडून तपासले. हाती काही लागलं नाही, कारण ते चुकीच्या जातींचे डास तपासत होते. मलेरिया फक्त ॲनोफिलीस गटातल्या डासांच्या माद्या पसरवतात, हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हतं.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांच्याकडे पंखांवर ठिपके असलेले थोडे डास आले. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला हे डास चावू देण्यात आले. त्याबद्दल त्याला प्रत्येक डासामागे एक आणा मिळाला. पुढच्या दिवसांत रॉस एकेक डास फाडून बघत राहिले. २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काही गोल पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते. मलेरियाच्या परजीवीत दिसतात तसेच. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे परजीवी डासाच्या शरीरात वाढत होता.

त्यामुळेच २० ऑगस्ट हा दिवस 'जागतिक डास दिन' म्हणून पाळला जातो.

पुढच्या वर्षी कोलकात्यात रॉस यांनी पक्ष्यांच्या मलेरियावर प्रयोग केले. मोहम्मद बक्ष हे त्यांचे मदतनीस तिथे डास पकडण्यापासून जोपासण्यापर्यंतचं काम करत. जुलै १८९८ मध्ये डासाच्या लाळग्रंथीत परजीवी सापडला आणि डास चावल्यावर तो निरोगी चिमण्यांच्या रक्तात उतरतो, हेही सिद्ध झालं. त्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया ॲनोफिलीस डासामुळे पसरतो, हे दाखवून दिलं. श्रेय कोणाचं, यावरून दोघांमध्ये कडाक्याचा वाद झाला. १९०२ चं नोबेल मात्र एकट्या रॉस यांना मिळालं.

शोध लागला, मग मलेरिया लगेच का थांबला नाही?

शोध लागल्यावर रॉस यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: डास कमी करा. त्यांनी 'मॉस्किटो ब्रिगेड' ही कल्पना मांडली. मजुरांची पथकं गावभर फिरतील, डबकी बुजवतील, गटारं वाहती करतील आणि जे पाणी काढता येणार नाही त्यावर तेलाचा थर सोडतील. तेलामुळे अळ्यांना पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन श्वास घेता येत नाही.

१९०२ मध्ये सुएझ कालव्याच्या कंपनीने त्यांना इजिप्तमधल्या इस्माइलिया शहरात बोलावलं. काही हजार वस्तीच्या या गावात वर्षाला दीड-दोन हजार लोकांना मलेरिया व्हायचा. डबकी आणि पाणथळ जागा नाहीशा करण्याचं काम नेटाने झालं आणि १९०३ मध्ये रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास आली. पुढे ती आणखी घटली.

पण लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत उलटं घडलं. तिथेही डास कमी करण्याचा प्रयोग झाला. आजूबाजूला कालव्यांचं जाळं होतं. प्रयोगाचं क्षेत्र लहान होतं आणि बाहेरून डास येत राहिले. मलेरिया फारसा हटला नाही. मग हिंदुस्थानातल्या अनेक अधिकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की डासांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा क्विनाइनच्या गोळ्या वाटाव्यात.

रॉस यांना हे पटलं नाही. क्षेत्र लहान होतं, काम अपुरं होतं, असं त्यांचं म्हणणं. पण नुसतं 'अपुरं' म्हणून भागत नाही. किती काम केलं म्हणजे पुरेसं, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी गणित लागणार होतं.

मॉरिशसमध्ये मांडलेलं गणित

१९०७ च्या शेवटी रॉस मॉरिशसला गेले. उसाच्या मळ्यांच्या या बेटावर १८६० च्या दशकात मलेरियाच्या साथीने हजारो माणसं मेली होती. मळ्यांवर राबणाऱ्यांमध्ये हिंदुस्थानातून नेलेले गिरमिटिया मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी सण साजरे करतात.

मॉरिशसवरच्या अहवालात आणि नंतर 'द प्रिव्हेन्शन ऑफ मलेरिया' या पुस्तकात रॉस यांनी आपला हिशोब मांडला. त्यांची समीकरणं बाजूला ठेवू आणि एक काल्पनिक गाव घेऊ. आकडेही सोयीसाठी आपणच धरू.

या गावात एक मलेरियाचा रुग्ण आहे.

त्याच्या आजारपणाच्या काळात ॲनोफिलीसच्या १२० माद्या त्याला चावतात. प्रत्येकीत परजीवी रुजतोच असं नाही. तिघींपैकी एकीत रुजला असं धरू. राहिल्या ४०.

परजीवी पोटात गेल्या गेल्या डास रोग देऊ शकत नाही. परजीवीला डासाच्या शरीरात वाढून लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला १० ते १२ दिवस लागतात. डासाचं आयुष्य मुळातच थोडं. तेवढे दिवस दहापैकी एकच मादी जगली असं धरू. राहिल्या ४.

या चारपैकी निम्म्या माद्या एखाद्या निरोगी माणसाला चावल्या आणि त्याला रोग झाला. म्हणजे नवे रुग्ण २.

एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. अशा दहा फेऱ्या झाल्या की गावात हजारावर रुग्ण.

आता गावाने निम्मे डास कमी केले. १२० च्या जागी ६० माद्या चावतात. हिशोब पुन्हा करा: ६० च्या २०, वीसच्या २, दोनाचा १. एका रुग्णामागे एक नवा रुग्ण. म्हणजे इतकं काम करूनही रोग आहे तिथेच. गावकरी म्हणणार, फुकट गेली मेहनत.

पण गावाने आणखी थोडं काम केलं आणि डास ६० टक्क्यांनी घटवले तर? ४८ च्या १६, त्यांतून १.६ आणि शेवटी ०.८. आता शंभर रुग्णांमागे पुढच्या फेरीत ८० होतात, मग ६४, मग ५१. दहा फेऱ्यांनंतर अकराच्या आसपास. वीस फेऱ्यांनंतर जेमतेम एक. गावात अजूनही ४० टक्के डास आहेत. लोकांना ते रात्री चावतायत. तरी मलेरिया संपत चालला आहे.

रॉस यांचा मुद्दा हाच होता. डासांची संख्या आणि मलेरिया यांचं नातं सरळ रेषेत चालत नाही. मध्ये एक उंबरठा असतो. त्याच्या वर असताना कितीही राबलं तरी फरक दिसत नाही. उंबरठ्याच्या खाली गेलं, की रोग आपणहून मागे सरकतो. मियाँ मीरसारख्या प्रयोगात यश दिसलं नाही, याचा अर्थ उपाय खोटा आहे असा होत नाही. तो उंबरठ्यापर्यंत पोहोचला नाही, असाही होऊ शकतो.

मॅकडोनाल्ड यांनी बोट ठेवलं ते डासाच्या वयावर

आपल्या उदाहरणात चार पायऱ्या होत्या: किती डास चावले, कितींमध्ये परजीवी रुजला, किती जगले, किती पुन्हा चावले. यांपैकी कुठली पायरी तोडणं सगळ्यात फायद्याचं?

या प्रश्नाचं ठोस उत्तर १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड या ब्रिटिश मलेरियातज्ज्ञाने दिलं. त्यांचं उत्तर होतं, डासाचं आयुष्य.

२५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल तर सर्वांत घातक मलेरियाच्या परजीवीला डासात तयार व्हायला साधारण १२ दिवस लागतात. समजा रोज शंभरातल्या ९० माद्या जगतात आणि १० मरतात. मग १२ दिवसांनी शंभरातल्या साधारण २८ उरतात. आता रोज १० ऐवजी २० टक्के मरू लागल्या तर? १२ दिवसांनी उरतात फक्त ७.

रोजचं मरण दुप्पट केलं आणि धोकादायक डास एक चतुर्थांश झाले. शिवाय ज्या उरल्या त्याही पुढे फार दिवस जगत नाहीत, त्यामुळे आणखी कमी लोकांना चावतात. नुसती डासांची संख्या निम्मी केली तर चावे निम्मेच होतात. आयुष्य कमी केलं तर फायदा कितीतरी पट वाढतो. थोडक्यात, मलेरिया पसरवतो तो म्हातारा डास. डासाला म्हातारं होऊ दिलं नाही, की काम झालं.

म्हणूनच घराच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची पद्धत इतकी परिणामकारक ठरली. रक्त प्यायल्यावर जड झालेली मादी बऱ्याचदा जवळच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर महिनोन्‌महिने टिकणारं कीटकनाशक असेल तर ती तिथेच मरते. परजीवी तयार होण्याआधीच.

या फवारणीचे भारतातले महत्त्वाचे सुरुवातीचे प्रयोग तेव्हाच्या मुंबई प्रांतात झाले. १९४० च्या दशकाच्या मध्यात डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारवार आणि धारवाड भागांतल्या गावांमध्ये घरोघरी डीडीटी फवारलं आणि मलेरिया झपाट्याने घटला. ग्रामीण भागात डबकी बुजवत फिरणं अशक्य होतं. भिंती मात्र मोजता येण्याजोग्या होत्या.

साडेसात कोटींवरून पन्नास हजारांवर, आणि पुन्हा वर

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख माणसं दगावायची, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' हा शब्द आला. १९६१ मध्ये नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास होते. देशातून मलेरिया आता गेलाच, असं वाटू लागलं.

आणि तिथेच घात झाला. डास डीडीटीला दाद देईनासे झाले. पैसा आणि माणसं दुसरीकडे वळली. रुग्ण शोधण्याचं काम ढिलं पडलं. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले.

रॉस यांच्या गणिताची ही दुसरी बाजू. उंबरठ्याखाली गेल्यावर रोग कमी होतो, पण उंबरठा तिथून हलत नाही. डास परत वाढले आणि समाजात थोडे जरी रुग्ण शिल्लक असले, तरी एकाचे दोन, दोनाचे चार हा खेळ नव्याने सुरू होतो. मॉरिशसनेही हे अनुभवलं. १९७३ मध्ये तो देश मलेरियामुक्त जाहीर झाला आणि दोनच वर्षांनी तिथे मलेरिया परतला. पुन्हा घालवायला १९९८ साल उजाडलं.

मुंबईच्या विहिरी आणि जिबुतीचे रुग्ण

आता आपल्या शहराकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या मलेरियाचा शोध घेण्याचं काम डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे आलं. १९११ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहरातला मलेरिया ॲनोफिलीस स्टीफेन्सी नावाचा डास पसरवतो आणि तो घराघरांतल्या विहिरींमध्ये वाढतो, असं त्यांना दिसलं. महापालिकेने विहिरी बुजवण्याच्या किंवा बंदिस्त करण्याच्या नोटिसा काढायला सुरुवात केली.

लोकांनी विरोध केला. अनेक हिंदू आणि पारशी कुटुंबांसाठी विहीर पूजेची जागा होती. विहिरीच्या पाण्यावर उजेड पडला पाहिजे, पाणी धार्मिक कामाला काढता आलं पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. महापालिकेत काम करणाऱ्या रुस्तम मसानी यांनी या निमित्ताने इतक्या कथा ऐकल्या की १९१८ मध्ये 'फोकलोर ऑफ वेल्स' हे पुस्तकच लिहिलं. काही विहिरींना जाळी आणि झडप बसवून मधला मार्ग काढला गेला. मजा म्हणजे गणिताच्या दृष्टीने हा मार्ग चुकीचा नव्हता. विहीर नाहीशी व्हायला हवी असं काही नाही, डासाने तिथे अंडी घालता कामा नये एवढंच.

विहिरी गेल्या, पण स्टीफेन्सी गेला नाही. तो गच्चीवरच्या टाक्यांमध्ये, बांधकामांवर साचलेल्या पाण्यात आणि झाकण नसलेल्या पिंपांमध्ये राहायला गेला. मुंबईत टाक्यांना घट्ट झाकण लावण्याची सक्ती आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या तपासण्या आजही चालू आहेत, त्या याच डासासाठी.

हा डास आता आफ्रिकेतही पोहोचला आहे. २०१२ मध्ये तो जिबुती या छोट्या देशात सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ते ७३ हजारांवर गेले. आफ्रिकेत मलेरिया हा प्रामुख्याने खेड्यांचा आजार मानला जायचा. शहरातल्या टाकीत वाढणारा डास आल्याने तिथल्या कोट्यवधी शहरी लोकांना नवा धोका निर्माण झाला आहे.

गणित कुठे कमी पडतं?

रॉस यांच्या हिशोबात सगळी माणसं सारखी आहेत. प्रत्यक्षात तसं नसतं. जंगलात मुक्कामाला जाणारा मजूर, नाल्याकाठच्या झोपडीतलं कुटुंब, उघड्यावर झोपणारा बांधकाम कामगार यांना डास कितीतरी जास्त चावतात. गावाची सरासरी उंबरठ्याखाली असली तरी एखादी वस्ती वरच राहते आणि तिथून रोग पुन्हा पसरतो. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलभागात मलेरिया चिवटपणे टिकून आहे, त्यामागे अशीही कारणं आहेत.

दुसरी अडचण, काही लोकांच्या रक्तात परजीवी असतो पण ताप नसतो. ते दवाखान्यात येत नाहीत आणि डासांना मात्र परजीवी मिळत राहतो. मलेरियाचा एक प्रकार तर यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून त्याचं औषध १४ दिवस न चुकवता घ्यायला सांगतात.

तिसरी गोष्ट, आपल्या काल्पनिक गावात एकाचे दोन होत होते. आफ्रिकेच्या काही भागांत एका रुग्णापासून शंभराहून जास्त जणांना लागण होऊ शकते, असे अंदाज आहेत. तिथे ६० टक्के डास कमी करून भागत नाही. एकाच वेळी साखळीच्या सगळ्या कड्या तोडाव्या लागतात.

नेमकं तेच गेल्या काही दशकांत केलं गेलं. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी एकाच वेळी दोन कामं करते: माणसाला चावू देत नाही आणि जवळ आलेल्या डासाला मारते. आशा सेविका बोटातून थेंबभर रक्त घेऊन जागेवर तपासणी करते आणि लगेच औषध सुरू करते, तेव्हा रुग्णाकडून डासाकडे परजीवी जाण्याचे दिवस कमी होतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाची सुमारे ६६ कोटी प्रकरणं टळली. त्यांतली दोन तृतीयांशांहून जास्त एकट्या मच्छरदाणीमुळे.

भारतात २०१५ मध्ये साडेअकरा लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. २०३० पर्यंत देशातून मलेरिया हटवण्याचं उद्दिष्ट आहे. जगात मात्र २०२३ मध्ये २६ कोटींहून जास्त लोकांना मलेरिया झाला आणि सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं मेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यांतही पाच वर्षांखालची मुलं सर्वाधिक.

मग आपण काय करायचं?

या गणितातून रोजच्या वापराच्या काही गोष्टी निघतात.

धुराची गाडी येऊन गेली की लोक निर्धास्त होतात. त्या धुराने मरतात ते त्या क्षणी उडणारे डास. टाकीतल्या अळ्या तशाच राहतात आणि काही दिवसांत नवे डास बाहेर पडतात. धूरफवारणीचा उपयोग साथीच्या वेळी होतो, पण ती पाणी तपासण्याची जागा घेऊ शकत नाही.

आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, असं आरोग्य विभाग सांगतो. आठवडाच का? अंड्यापासून उडणारा डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठवडाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. दर आठवड्याला पाणी रिकामं केलं आणि भांडं घासून कोरडं केलं, तर आतली पिढी बाहेर पडण्याआधीच संपते. जे पाणी ओतून देता येत नाही, त्यावर घट्ट झाकण किंवा आत गप्पी मासे.

ताप आला की रक्त तपासून घ्यायचं आणि मलेरिया निघाला तर डॉक्टरांनी दिलेला औषधांचा पूर्ण कोर्स संपवायचा. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. तो कोर्स रुग्णासाठी असतोच, शेजारच्या घरासाठीही असतो.

आणि सोसायटीत एकाच घराने टाकी झाकून काय होणार, असा प्रश्न पडला तर मियाँ मीर आठवा. लहान तुकड्यात केलेलं काम बाहेरून येणारे डास पुसून टाकतात. एका घराने झाकण लावलं तर फरक कदाचित दिसणार नाही. पण आळीतल्या दहांपैकी सात घरांनी लावलं तर उरलेल्या तिघांच्या घरचाही मलेरिया कमी होऊ शकतो. उरलेले डास तेव्हाही चावतीलच. त्यांच्याकडून रोग पुढे जाण्याची शक्यता मात्र बरीच कमी झालेली असेल.

रॉस १९३२ मध्ये वारले. त्यांनी ज्या देशात डास घटवून मलेरिया आटोक्यात येतो हे दाखवलं होतं, त्या इजिप्तला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मलेरियामुक्त जाहीर केलं. इजिप्तमध्ये डास आजही आहेत.